गुंतवळाची बाहुली

बेबीनंदासमोर कुणी ‘आमच्या लहानपणी’ म्हणून सुरुवात केली की तिच्या कपाळावर आठी उमटलीच म्हणून समजा. लहानपणाचा तिला राग होता. स्वतःच्या नाही, इतरांच्या. माणसं चाळिशीकडे झुकली की त्यांचं लहानपण आपोआप गोड व्हायला लागतं, आणि ज्यांची पोटं तेव्हा भरलेली होती त्यांचं जरा जास्तच गोड होतं, असं तिचं मत होतं. हे मत ती मनात ठेवत नसे. मधल्या सुटीत मास्तर मंडळी चहा पीत जुन्या आठवणी काढायला लागली की ती सरळ म्हणायची, “तुमच्या आठवणी संपल्या की सांगा, मंग मी येते,” आणि कप तसाच ठेवून वर्गात निघून जायची.

टेंभुर्णीपासून दोन कोसांवरच्या त्या गावात ती तिसरीचा वर्ग शिकवायची. शिकली होती तीही ह्याच शाळेत, म्हणजे शाळेच्या ओट्यावर, कारण तिच्या वस्तीतल्या पोरांना आत बसायला तेव्हा जागा नसे. पुढं जालन्याला राहून मास्तरकीचा कोर्स केला आणि नेमणूक आली ती नेमकी ह्याच गावात. एकतीस वर्षांची, अंगानं किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. नवरा साहेबराव एसटीत कंडक्टर, आठवड्यातून दोनदा घरी येणारा. बाकी घरात ती आणि तिचा म्हातारा बाप तातेराव. तिचं अक्षर आजूबाजूच्या दहा गावांत नावाजलेलं होतं. कुणाचा अर्ज असो, कुणाचा मानपत्राचा मजकूर असो, लोक तिच्याकडे यायचे. अक्षरासाठी यायचे आणि जिभेला भिऊन लवकर जायचे.

अठ्ठ्याहत्तर सालच्या जानेवारीत शाळेला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. हेडमास्तर अप्पाराव हौशी माणूस. त्यांच्या डोक्यातून निघालं, की सव्वीस जानेवारीला जुने विद्यार्थी बोलवायचे आणि ‘ते सोनेरी दिवस’ नावाचं प्रदर्शन मांडायचं. प्रत्येकानं आपल्या लहानपणची एकेक वस्तू आणायची. खेळणं, कपडा, काहीही चालेल.

दहा दिवसांत सातवीच्या वर्गातली चार टेबलं भरली. लाखेचे भोवरे आले, चिंचोक्यांची डबी आली, तीनच चाकं उरलेली पत्र्याची आगगाडी आली. फुग्याच्या बाह्यांचे पोलके आले, साटिनच्या तांबड्या रिबिनी आल्या, जरीच्या टोप्या आल्या. वस्तू आणणारी माणसं मात्र बेलबॉटम घालून, कानाच्या पाळीखाली कल्ले राखून आली होती. आपापल्या भोवऱ्यासमोर उभी राहून ती उसासे टाकत होती. आताच्या पोरांना काय कळणार ह्यातली मजा, असं जो तो म्हणत होता. आताची पोरं खिडकीच्या गजांना लोंबकळून त्या भोवऱ्यांकडे आशेनं बघत होती, आणि कुणालाही हात लावू द्यायचा नाही असा अप्पारावांचा हुकूम होता.

प्रत्येक वस्तूपुढं पांढऱ्या पुठ्ठ्याचं कार्ड ठेवायचं होतं. ते काम अर्थातच बेबीनंदाच्या गळ्यात पडलं.

“बाई, तुमचं अक्षर म्हणजे छापल्यावानी,” अप्पाराव यादी पुढं सरकवत म्हणाले. “वस्तूचं नाव, साल, मालकाचं नाव. बस.”

ती लिहीत गेली. दात-ओठ खात, पण सुबक लिहीत गेली. तेरा कार्डं झाली. चौदाव्या नंबरापुढं अप्पारावांनी लिहिलं होतं: ‘बाहुली. सन १९५५. काळ्या लोकरीचे केस. सौ. उषाबाई, औरंगाबाद, आपल्या गावच्या पाटलांची कन्या, प्रमुख पाहुण्या.’

बेबीनंदाचा टाक थांबला. ती उठली आणि टेबलाच्या टोकाला ठेवलेल्या काचेच्या पेटीपाशी गेली. पेटी सकाळीच पाटलांच्या गड्यानं आणून ठेवली होती. आत वीतभर उंचीची चिंध्यांची बाहुली उभी होती. अंगावर खणाचं लुगडं, डोळ्यांच्या जागी दोन काळे मणी. डावा मणी जरा खाली घसरलेला, कारण तो आठ वर्षांच्या बेबीनं स्वतः शिवला होता. आणि पाठीवर कमरेपर्यंत वेणी, तिच्या टोकाला लाल दोरा.

ती लोकर नव्हती. ते बेबीनंदाच्या आईचे केस होते.

कौसल्येचे केस गुडघ्याला लागायचे. तेव्हा बायका विंचरताना निघालेलं गुंतवळ फेकत नसत. गोळा करून भिंतीच्या भोकात खुपसून ठेवायच्या, आणि फेरीवाली आली की त्याच्या बदल्यात सुया आणि काळी पोत घ्यायच्या. कौसल्येचं गुंतवळ बघून तर फेरीवाली दोन सुया जास्त द्यायची. एका वर्षी मात्र कौसल्येनं ते दिलं नाही. लेकीनं बाहुली मागितली होती. विकतची आणणं शक्य नव्हतं. तिनं जुन्या धडुत्याच्या चिंध्या भरून बाहुली केली, गुंतवळाचा एकेक केस सोडवून, धुऊन, तेल लावून तिच्या डोक्याला शिवला, आणि स्वतःची घालायची तशी वेणी घातली. ह्या कामाला तिला दोन महिने लागले. दिवसभर लोकांची कामं करून संध्याकाळी दिवा लागेपर्यंत ती उंबऱ्यात बसून केस सोडवायची आणि बेबी समोर बसून मोजायची.

त्याच वैशाखात पाटलांच्या उषानं बाहुला-बाहुलीचं लग्न काढलं. बाहुला उषाचा. नवरी येणार होती जाफराबादच्या मामेबहिणीची. ऐन वेळी मामेबहिणीला गोवर निघाला. मांडव पडलेला, वाजंत्री सांगितलेली, बुंदी पाडलेली आणि नवरीचाच पत्ता नाही. उषानं रडून घर डोक्यावर घेतलं. कौसल्या पाटलांचं बाहेरचं अंगण झाडायला जायची. बेबी दाराबाहेर लिंबाखाली बाहुली घेऊन बसली होती. पाटलीण गिरिजाबाईंची नजर तिच्यावर गेली.

“कौसल्या, तेवढी बाहुली दे दोन दिस. लगीन झालं की परत.”

कौसल्येच्या तोंडून नाही निघणं शक्यच नव्हतं. तिनं लेकीच्या हातातून बाहुली सोडवली आणि पुढं केली. गिरिजाबाईंनी हात पुढं केला नाही. “पायरीवर ठेव,” म्हणाल्या. मग आतून तांब्या आणून त्यांनी बाहुलीवर तीनदा पाणी शिंपडलं, आणि पदरानं पुसून ती आत नेली. केसांची चौकशी कुणी केली नाही. काळे केस म्हणजे धनगराकडची लोकर, असं त्या धरून चालल्या. बाईच्या डोक्याचे केस बाहुलीला लावायची त्यांच्या घरात कुणावर कधी वेळ आली नव्हती.

लग्न थाटात झालं. मायलेकींनी लिंबाखाली बसून मंगलाष्टकं ऐकली. नंतर कौसल्येच्या पदरात वरून बुंदी पडली.

दोन दिवसांनी कौसल्या बाहुली मागायला गेली. गिरिजाबाई जोत्यावर शेजारणींबरोबर गहू निवडत बसल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, “सून एकदा घरात घेतली की परत धाडत असतेत व्हय?” बायका पोट धरून हसल्या. कौसल्या पुन्हा एकदा गेली, तेव्हाही हसल्या. तिसऱ्यांदा गेली तेव्हा कुणी हसलं नाही. “एवढं जड जात आसंल तर उद्यापासून अंगणात येऊ नको,” एवढंच उत्तर मिळालं.

पुढच्या वर्षी वस्तीनं धम्म घेतला. अंगणं झाडणं बंद झालं, मेलेली ढोरं ओढणं बंद झालं. त्याच्या पुढच्या वर्षी कौसल्या तापानं गेली, तिशी गाठायच्या आत. जालन्याला जाऊन फोटो काढू, फोटो काढू म्हणता म्हणता राहून गेलेलं. बेबीनंदाला आता आईचा चेहरा नीट आठवत नसे. ह्या गोष्टीचा तिला सगळ्यात जास्त राग होता. पाटलांच्या पोरीला आपला पोलका आठवतो, रिबिनी आठवतात, बुंदीची चव आठवते, आणि आपल्याला आईचं नाक कसं होतं तेही आठवू नये. जगात आईचं उरलेलं जे काही होतं ते ह्या काचेच्या पेटीत होतं, आणि त्याच्यावर दुसऱ्याचं नाव तिनंच आपल्या सुबक अक्षरात लिहायचं होतं.

“ही बाहुली माझी आहे,” ती अप्पारावांना म्हणाली.

अप्पारावांनी चष्मा वर केला. तिनं काय ते थोडक्यात सांगितल्यावर त्यांनी यादी आपल्याकडं ओढून घेतली. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता.

“बाई, खरं असंल तुमचं. पण पाहुण्या त्या. शाळेला दोन खोल्या बांधून द्यायचं कबूल केलंय त्यांच्या घरानं. झालं गेलं जाऊ द्या. कार्ड लिहून टाका.”

“बाकीची लिहिते. हे नाही लिहीत.”

“मंग मी लिहितो.”

“लिहा. तुमच्या अक्षरात खोटं शोभून दिसंल.”

संध्याकाळी तिनं बापाला सांगितलं. तातेराव बाजेवर बसून बिडीची राख झटकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी बिडी विझवली.

“कशाला उकरून राह्यली, बाई. तिच्या केसावर सुया घेतल्या आसत्या तर बरं झालं आसतं. निदान कपडे तरी शिवले आसते.”

“तुम्हांला नको ती परत?”

“मला नकोच. ह्या गावात आपल्याला राह्यचं हाय. तू मास्तरीण झाली, मानाची नोकरी हाय. एका चिंधीपायी वाकडं घेऊन काय करशील?”

“आईला चिंधी म्हणता?”

म्हातारा बाजेवर आडवा झाला. भिंतीकडे तोंड करून निजला. बेबीनंदाला त्याचाही राग आला. आयुष्यभर ह्या माणसानं ‘जाऊ दे’ शिवाय दुसरं काही म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि उषाबाई मोटारीतून उतरल्या. निळी नायलॉनची साडी, डोक्यावर उंच अंबाडा, डोळ्यांना मोठा काळा चष्मा. बरोबर दोन मुलं, त्यांच्या पायांत जमिनीवर लोळणारे बेलबॉटम. बेबीनंदानं त्यांना हेडमास्तरांच्या खोलीच्या दारात गाठलं. भीक मागितल्यासारखं होऊ नये म्हणून केसांविषयी बोलायचं नाही, हे तिनं घरून ठरवून आणलं होतं. आपली वस्तू आपली म्हणून परत मिळाली पाहिजे.

“अगं, तू बेबी ना? कौसल्येची?” उषाबाईंनी चष्मा काढला. “किती बदललीस गं. आणि मास्तरीण झालीस, वा. छान वाटलं ऐकून.”

“चौदा नंबरची बाहुली माझी आहे. लग्नाला म्हणून दोन दिवसांसाठी नेली होती तुमच्या आईनं. ती मला परत पाहिजे.”

उषाबाई हसल्या. आईसारखंच हसल्या.

“असेल गं, आईनं आणली असेल कुणाकडून तरी. मला कुठं आठवतंय. पण ती म्हणजे माझं अख्खं लहानपण आहे, बेबी. सासरी जाताना मी फक्त तेवढं घेऊन गेले. ते कसं देऊ? तुला मुलगी आहे का? मी तिच्यासाठी औरंगाबादहून छान बाहुली पाठवते, डोळे मिटणारी.”

“मला हीच पाहिजे.”

“असं काय लहान मुलीसारखं करतेस,” उषाबाई म्हणाल्या आणि तिच्या खांद्यावर हलकेच थोपटून पुढं गेल्या.

बेबीनंदा तिथंच उभी राहिली. खांद्यावर जिथं थोपटलं तिथं चटका बसल्यासारखं झालं. मागून मिळणार नव्हतं, हक्क सांगून मिळणार नव्हतं. आता तिच्याजवळ एकच गोष्ट उरली होती, आणि ती बोलायची नाही असं तिनं ठरवलं होतं.

पटांगणात सतरंज्यांवर पोरं आणि खुर्च्यांवर मोठी माणसं बसली. भाषणाच्या वेळी उषाबाईंनी पेटीतून काढून आणलेली बाहुली हातात घेतली. बोलायला लागल्या त्या फार सुंदर बोलायला लागल्या. त्यांनी बाहुलीचं लग्न सांगितलं, वाजंत्री सांगितली, फुग्याच्या बाह्यांचा पिवळा पोलका सांगितला. खुर्च्यांवरची माणसं माना डोलवत होती, दोन-चार जणांनी रुमाल काढले.

“आणि एक सांगते,” उषाबाई म्हणाल्या, “तेव्हा हा भेदभाव, ही जातपात असलं काही नव्हतं. आम्ही सगळी मुलं एका अंगणात खेळायचो. माणसं मनानं जवळ होती. आता सगळं बिघडलं.” त्यांनी बाहुलीची वेणी गालाला लावली. “हे केस बघा, अजून किती मऊ आहेत. आमच्या राधाकिसन धनगराकडची लोकर आहे ही. आता अशी लोकरसुद्धा मिळत नाही.”

बेबीनंदा सातवीच्या वर्गाच्या दारात उभी होती. ती ओरडली नाही. वर्गात फळ्यावरची चूक दाखवावी तितक्याच आवाजात ती बोलली, पण तिचा आवाज शेवटच्या सतरंजीपर्यंत गेला.

“लोकर नाही ती. माझ्या आईच्या डोक्याचे केस आहेत. कौसल्या तातेराव, खालच्या वस्तीतली. विंचरताना निघालेलं गुंतवळ साठवून तिनं लावलेत. तुमच्या आईनं बाहुलीवर पाणी शिंपडलं होतं. केस तसेच राहिले.”

उषाबाईंच्या हातून बाहुली पडली. पडली म्हणणंही खरं नाही, हात झटकला गेला. आणि त्या शिकल्यासवरलेल्या, औरंगाबादला राहणाऱ्या, आत्ताच जातपात नव्हती म्हणून सांगणाऱ्या बाईनं निळ्या पदरानं गाल पुसला. एकदा पुसला, आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत दुसऱ्यांदा पुसला. सगळ्या पटांगणानं ते बघितलं. सतरंजीवरच्या पोरांनी तर फारच नीट बघितलं.

मेलेल्या माणसाचे केस म्हणून त्या दचकल्या, असं अप्पाराव नंतर चार ठिकाणी सांगत होते. पण कौसल्या मेली हे उषाबाईंना माहीत नव्हतं. ते बेबीनंदानं अजून सांगितलंच नव्हतं.

बेबीनंदा पुढं गेली आणि तिनं मातीतून बाहुली उचलली. कुणी अडवलं नाही. उषाबाई काहीतरी म्हणत होत्या, “तसं नव्हतं गं, एकदम ऐकलं म्हणून,” असं काहीतरी. बेबीनंदानं तिकडं लक्ष दिलं नाही. तिला बाहुली मिळाली होती, आणि ती कशामुळे मिळाली हे तिला पक्कं ठाऊक होतं. उषाबाईंनी ती वेणी गालावरून हलवली नसती, बाहुली घट्ट धरून ठेवली असती, तर बेबीनंदाजवळ करण्यासारखं काहीच उरलं नसतं. ती तिथंच हरली असती. क्षणभर, बोलून झाल्यावर आणि हात झटकण्याच्या आधी, तिला आपण हरावं असंही वाटून गेलं होतं. त्या वाटण्याचाच आता तिला सगळ्यात जास्त संताप येत होता.

ती वर्गात गेली. अप्पारावांच्या वेड्यावाकड्या अक्षरातलं चौदा नंबरचं कार्ड तिनं उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सावकाश, एकही वेलांटी न चुकवता लिहिलं: ‘बाहुली, सन १९५५. करणारी: कौसल्या तातेराव. बाहुली मालकिणीनं परत नेली.’ कार्ड रिकाम्या पेटीत उभं करून ती बाहेर पडली. गावच्या लोकांनी दोन दिवस ते प्रदर्शन बघितलं, आणि भोवऱ्यांपेक्षा रिकाम्या पेटीपुढं जास्त गर्दी होती असं म्हणतात. शाळेच्या दोन खोल्या काही झाल्या नाहीत.

वस्तीत तिच्या आधी बातमी पोचली होती. तातेराव दारात उभे होते. ती चढून आत जाणार तोच त्यांनी हात आडवा केला.

“थांब. भाईरच थांब.”

“आता काय झालं? घाबरलात?”

“त्यांच्या घरी बावीस-तेवीस वरीस राह्यली ती,” तातेराव म्हणाले. “पायरीवर ठेव तिला.”

तिनं बापाकडं बघितलं आणि बाहुली पायरीवर ठेवली. म्हातारा आत जाऊन तांब्या भरून घेऊन आला. त्यानं बाहुलीवर नीट तीनदा पाणी शिंपडलं. मग धोतराच्या सोग्यानं तिची वेणी शेवटपर्यंत पुसली आणि म्हणाला, “आता घे घरात.”